कवळी बसली म्हणजे पेज सुरू, असं नव्हे

वाराणसीत नारद घाटाजवळ राजा घाट आहे. पेशवे घराण्यातल्या अमृतरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घाट दगडात बांधून घेतला आणि इथे अन्नछत्रही चालवलं. काशीत म्हातारपण काढायला येणाऱ्या मराठी माणसाला पंगत नवी नाही. त्याच माणसाला हल्ली घरचेच सांगतात, "आता कवळी बसवलीत ना, मग पंगत विसरा. मऊ भात, साबुदाण्याची पेज, दूध-पाव, बास!"

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत.

शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार साठ किलोच्या माणसाला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिन लागतं. ते पेजेतून कुठून येणार? अमेरिकेत 1996 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले सगळे पुरुष आरोग्य क्षेत्रातलेच होते, दंतवैद्यसुद्धा. त्यांच्यापैकी ज्यांचे दात गेले होते ते भाज्या आणि चोथा कमी खात होते, आणि उष्मांक व स्निग्ध पदार्थ मात्र जास्त. जाणत्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं?

आता खरं काय ते पाहू. कवळी हाडात रुतलेली नसते, नुसती हिरडीवर टेकलेली असते. त्यामुळे चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव उरते. म्हणून घास लहान घ्यायचा आणि वेळ जास्त द्यायचा. अन्न निकृष्ट करायचं कारण नाही. समोरच्या दातांनी पेरूचा लचका तोडलात तर वरची कवळी मागून सुटणारच. पेरू कापा, बियांचा गर काढा, फोडी दाढांखाली द्या. आणि घास दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावा. जन्मभर एकाच बाजूने चावायची सवय असते, पण पूर्ण कवळीत तसं केलं की दुसरी बाजू उचलली जाते. खालची कवळी जास्त हलते, कारण तिला टेकायला जागा कमी आणि शेजारी जीभ सतत वळवळत असते. पहिले काही दिवस मऊ खावंच, पण त्यालाच मुक्काम समजू नये.

ताटात काय वाढावं? मुगाचं धिरडं, पिठलं, दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याऐवजी कूट, किसलेल्या गाजराची कोशिंबीर, बारीक चिरून शिजवलेली पालेभाजी, उकडलेलं अंडं. काशीत असाल तर पलीकडच्या काठावरच्या रामनगरच्या भल्यामोठ्या वांग्याचं भरीत करा; कवळीवाल्यासाठी याहून सोयीची भाजी मला तरी माहीत नाही. कचौरी हाताने मोडून भाजीत भिजवा. थंडीतल्या मलइयोला, म्हणजे दुधाच्या गोड फेसाला, तर दातच लागत नाहीत, पण त्यावर पोट भरू नका.

"कवळीने चव जाते" हे अर्धंच खरं. चवीचं बहुतेक काम जीभ करते, आणि ती उघडीच असते. टाळू झाकली गेल्याने पोत आणि उष्णता मात्र कमी जाणवते. म्हणून चहा आधी ओठाला लावून बघा, नाहीतर घसा भाजेल. मासा खाताना काटे बोटांनी चाचपून काढा. टाळूला ते कळणार नाहीत.

"उकळत्या पाण्याने जंतू मरतात." मरत असतील, पण अ‍ॅक्रिलिकची कवळीही वाकडी होते. "टूथपेस्टनेच घासावी." चरे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. "रात्री काढली तर तोंडाचा आकार बिघडतो." उलट, काढून पाण्यात ठेवावी. जपानमधल्या सरासरी वय 87 वर्षांहून जास्त असलेल्या पाचशेहून अधिक वृद्धांच्या 2015 सालच्या अभ्यासात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

"एकदा केली की जन्माची सोय." ही समजूत महागात पडते. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, खालचं तर वरच्यापेक्षा कितीतरी वेगाने. मग कवळी सैल होते, टोचते, आणि मंडळी पुन्हा पेजेकडे वळतात. चिकटवायची पावडर वाढवत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून आतली बाजू नव्याने भरून घ्यावी. हिरडीवर दुखरा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवायलाच हवा. पान-तंबाखू चघळणाऱ्यांनी तर अजिबात टाळू नये. बनारसी पान सोडवत नसेल तर निदान सुपारी आणि तंबाखू तरी वगळा.