पांढरा दिसणारा काळा बर्फ

जून उजाडला की उपग्रहाचं छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरू लागतं. कोकण किनाऱ्यावर पांढराशुभ्र पट्टा आणि खाली इशारा: ‘मुंबईकरांनो, येतोय!’ संध्याकाळपर्यंत टिपूसही पडत नाही आणि शिव्या हवामान खात्याला बसतात. छायाचित्र बिचारं खरंच बोलत असतं. वाचणारा त्यातून भलतंच वाचतो.

ते छायाचित्र मध्यरात्रीही मिळतं, मेख तिथेच आहे. इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून पृथ्वीकडून येणारे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण मोजतात. त्यासाठीचे दोन मुख्य पट्टे १०.३ ते ११.३ आणि ११.५ ते १२.५ मायक्रॉनचे. मोजमापावरून तापमान काढायचं आणि जे जितकं थंड, ते तितकं पांढरं रंगवायचं, असा संकेत. तो पांढरा रंग पाण्याचा नाही, थंडीचा आहे.

‘बर्फ पांढरा, म्हणून तो अवरक्त किरणही परतवून लावत असणार’ हा त्यापुढचा गैरसमज. सूर्याचा दृश्य प्रकाश हिमस्फटिक जवळपास शोषतच नाहीत, नुसता इकडेतिकडे विखुरतात. म्हणून ढग पांढरा. पण १२ मायक्रॉनच्या आसपास हाच बर्फ डांबराइतका काळा आहे. बर्फातले पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. त्यांना गरगर फिरता येत नाही, जागच्या जागी डुलता येतं, आणि त्या डुलण्याची लय नेमकी या किरणांशी जुळते. किरण आत शिरला की काही मायक्रॉनच्या आतच जिरतो. स्फटिक तर बहुधा दहापट मोठा असतो.

जरा सरकून ११ मायक्रॉनपाशी आलं की गंमत वेगळी. तिथे बर्फाचा अपवर्तनांक हवेच्या इतका जवळ जातो की स्फटिकाच्या कडेवर किरण फारसा वळत नाही. ८.५ मायक्रॉनला शोषण बरंच कमी होतं, विखुरणं पुन्हा डोकं वर काढतं. या फरकांतूनच बर्फाचा ढग ओळखू येतो. नुसत्या तापमानावर भागत नाही, कारण ढगातले थेंब शून्य अंशाला निमूटपणे गोठतात हेही खरं नाही. उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत ते द्रव राहू शकतात. म्हणून टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचं मोडिस उपकरण ८.५ आणि ११ मायक्रॉनची मापं एकमेकांशी ताडून पाहतं. दिवसा १.६ मायक्रॉनचा पट्टाही कामी येतो: पाण्याचे ढग त्यात उजळ दिसतात, बर्फाचे काळवंडतात. हिमालयातलं हिम आणि त्यावरचा पाण्याचा ढग वेगळे काढायचे तर हाच पट्टा.

‘बर्फाचा ढग पृथ्वीला गार करतो’ ही समजूत मात्र चिवट आहे. २७ अंशांची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट उष्णता वर सोडते. उणे ५३ अंशांचा दाट मेघमाथा ती खालून शोषतो आणि अवकाशात सोडतो जेमतेम १३० वॅट. उरलेली खालीच अडकते. पातळ तंतुमेघ इतकी अडवू शकत नाहीत, पण ते ऊनही फारसं परतवत नाहीत. त्यामुळे त्यांचा हिशेब एकंदरीत तापवण्याकडेच झुकतो. दाट मेघमाथे भरपूर ऊन परतवतात, म्हणून तिथे दिवसा जमाखर्च बराचसा भरून निघतो. रात्री ऊन नसतंच.

आता त्या पांढऱ्या पट्ट्याकडे. पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून येतो, पण १२ ते १५ किलोमीटरवर पूर्वेकडचे जोरदार वारे वाहतात. गडगडाटी ढगाच्या माथ्यावरचे हिमस्फटिक ते दूरवर ओढून नेतात. खालचा पाऊस केव्हाच ओसरलेला असतो, पट्टा मात्र पांढराफेक. सह्याद्रीत नेमकं उलट घडतं. तिथला बराच पाऊस घाटाला अडून वर चढणाऱ्या बुटक्या, उबदार ढगांतून पडतो. माथा थंड नसल्यामुळे छायाचित्रात ते नुसते करडे दिसतात, आणि खाली महाबळेश्वरात धो धो चालू असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा महाबळेश्वरातच थाटली, ते ढग तिथे दारातच येतात म्हणून. केवळ अवरक्त मापांवर काढलेले अंदाज घाटातला पाऊस कमी दाखवतात. मुंबईपुरता ताजा पाऊस पाहायचा तर कुलाबा आणि वेरावलीच्या डॉप्लर रडारची चित्रं आहेतच. ती ढगाची थंडी नाही, आतले थेंब टिपतात.