पंख्यातला कंडेन्सर आणि छातीवरचा धक्का

जळोची असो की बारामती, छताचा पंखा मंदावला की वायरमन वर पाहतो आणि सांगतो, ‘कंडेन्सर गेला.’ नवा बसतो, पंखा फिरतो, आपण ते विसरतो. पण याच तत्त्वावरचा कंडेन्सर भरकटलेले हृदयही तालावर आणतो, हे किती जणांना ठाऊक असते?

हृदयविकाराच्या झटक्यात कधी कधी हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे जात नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो. अशा वेळी छातीवर विजेचा जोरकस धक्का दिला, तर ती थरथर थांबते आणि मूळ ताल परतण्याची संधी मिळते. हे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर.

धक्का लागतो साधारण २०० ज्यूलचा. वीस किलोचे पोते मीटरभर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. अडचण आहे ती वेळेची. ती सेकंदाच्या शंभराव्या भागात ओतावी लागते. म्हणजे तेवढ्या क्षणापुरती २० हजार वॅटची शक्ती. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या पाच मोटारींहून अधिक! छोट्या बॅटरीला हे झेपत नाही. म्हणून कंडेन्सर आधी सावकाश, सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत भरायचा आणि मग एका दमात रिता करायचा. बारीक धारेखाली हंडा भरावा आणि झटक्यात उपडा करावा, तसे.

१९४७ मध्ये अमेरिकेत क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत उघड्या हृदयाला धक्का दिला, तो घरगुती विजेसारख्या उलटसुलट प्रवाहाचा. १९६० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड लाउन यांनी कंडेन्सरचा धक्का अधिक सुरक्षित असल्याचे दाखवून दिले. पुढे यंत्र रुग्णवाहिकेत आले.

आणि वीजच नसेल तर? पुण्याच्या जीवट्रॉनिक्सने त्यावर ‘सन्मित्र’ हे उत्तर काढले. हा डिफिब्रिलेटर विजेवर चालतो, तसाच हाताने दांडा फिरवूनही. वीज कोठून आली याचे कंडेन्सरला सोयरसुतक नसते. हाताच्या जोरावर वीस वॅट मिळाले, तरी दहा सेकंदांत २०० ज्यूल जमतात!

मात्र धक्क्याला उशीर होईल तशी, छातीदाबही मिळत नसेल तर, जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून १०८ ला फोन लावायचा आणि यंत्र येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहायचे. कंडेन्सर भरायला काही सेकंद पुरतात. तो पोहोचेपर्यंतची मिनिटे मात्र जवळच्या माणसांनीच सांभाळायची असतात.