चाचणीत न उमगलेला धोका

लस वापरात येण्यापूर्वी हजारो जणांवर तिच्या चाचण्या होतात. तरीही दहा हजारांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम त्यांतून निसटू शकतो. म्हणूनच मान्यतेनंतरची देखरेख अत्यावश्यक ठरते. अमेरिकेतील ‘रोटाशील्ड’ लसीचे प्रकरण हे त्याचे बोलके उदाहरण होय.

रोटाव्हायरसमुळे तान्ह्या मुलांना तीव्र जुलाब होतात. त्यावरील या लसीला ऑगस्ट १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आधीच्या चाचण्यांत लस दिलेल्या सुमारे १० हजार बालकांपैकी पाच जणांच्या आतड्याचा एक भाग लगतच्या भागात शिरून अडकला होता. ‘इंटससेप्शन’ नावाचा हा विकार वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेततो. मात्र तो लस न घेतलेल्या बालकांनाही होतो. त्यामुळे एवढ्या अल्प संख्येवरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद ठेवणारी यंत्रणा अमेरिकेत १९९० पासून आहे. जुलै १९९९ च्या प्रारंभापर्यंत तिच्याकडे अशा १५ बालकांची नोंद झाली. आठ जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. सुदैवाने सर्व बालके बरी झाली. तोवर सुमारे १५ लाख मात्रा दिल्या गेल्या होत्या. त्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु १२ बालकांना मात्रेनंतर आठवडाभरातच त्रास सुरू झाला होता. अशी नोंद म्हणजे पुरावा नव्हे, तो केवळ इशारा असतो. तो ओळखून लसीकरण तातडीने थांबविण्यात आले. सखोल तपासात संबंध स्पष्ट झाला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये लस मागे घेण्यात आली. धोका साधारण दहा हजारांत एक असा निघाला.

या निर्णयाची दुसरी बाजूही होती. रोटाव्हायरस त्या काळी जगभरात, मुख्यतः गरीब देशांत, दरवर्षी लाखो बालकांचा बळी घेत होता. नव्या लसी येण्यास २००६ उजाडले. त्यांच्या चाचण्या प्रत्येकी ६० हजारांहून अधिक बालकांवर झाल्या. त्यानंतरही काही देशांतील देखरेखीत लाखामागे मोजक्या बालकांना हाच धोका आढळला; मात्र लाभ कितीतरी अधिक असल्याने लसीकरण सुरूच राहिले.

भारतात २०१६ पासून रोटाव्हायरस लस सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. लसीनंतर बाळ कळवळून रडत असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि लसीकरण केंद्रालाही कळवावे. पालकांनी दिलेली ही माहिती बाळावरील उपचारांइतकीच इतर बालकांच्या सुरक्षेसाठीही मोलाची असते.