बाळाची धाप: छातीची की हृदयाची?

आडुतुरैहून बोलतोय. ऑक्टोबरपासून इकडे कावेरीकाठी पावसाचा मुख्य हंगाम सुरू होतो, तेव्हा तुमच्याकडे महाराष्ट्रात थंडीची चाहूल लागलेली असते. घराघरातलं चित्र मात्र एकच. थोरल्याला सर्दी होते आणि चार-सहा दिवसांत तान्ह्याला धाप लागते. इकडे 'सळी' म्हणतात, आपण 'छाती भरली' म्हणतो, डॉक्टर केसपेपरवर ब्रॉन्कियोलायटिस लिहितात. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजवतो आणि चिकट स्रावाने बुजवतो. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेक बाळं बरी होतात.

मी डॉक्टर नाही, माझी नोकरी तोफखान्यात झाली. पण एक प्रश्न मला नातेवाईक नेहमी विचारतात: दाखल केलेल्या अशा प्रत्येक बाळाचा टू-डी इको करावा का? प्रत्येकाचा नको. काहींचा मात्र टाळू नये, आणि ती बाळं कोणती हे आई-बापांनाही ठाऊक हवं.

जन्माला येणाऱ्या हजारात आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. समजा, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. जन्मतः फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, तिथला दाब जास्त असतो, म्हणून छिद्रातून रक्त फारसं वाहत नाही. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला काहीही ऐकू येत नाही आणि बाळ 'नॉर्मल' म्हणून घरी येतं. पुढे सहा ते आठ आठवड्यांत हा दाब उतरतो आणि छिद्रातून जादा रक्त फुफ्फुसात लोटू लागतं. फुफ्फुसं जड होतात, श्वास वाढतो, दूध पिताना बाळ दमतं. नेमकं हेच वय ब्रॉन्कियोलायटिसचंही. दोन शत्रू एकाच खिंडीतून येतात, आणि एक दुसऱ्याच्या आड लपतो.

पोट उडणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, घरघर हे सगळं दोन्हींत दिसतं. यकृत हाताला लागलं तरी निकाल लागत नाही. हृदय थकलं की यकृत सुजतं हे खरं, पण हवा अडकून फुगलेली फुफ्फुसंही त्याला खाली ढकलतात. निदान चुकलं तर उपचारही चुकू शकतो. थकलेल्या हृदयाला सलाईन फार जपून द्यावं लागतं.

१९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयदोष असताना आरएसव्ही झालेल्या २७ बाळांपैकी १० दगावली होती. दहा वर्षांनी कॅनडातून आलेल्या आकड्यांत मृत्यूचं प्रमाण तीन-चार टक्क्यांवर उतरलेलं दिसलं. अतिदक्षता सुधारली, शस्त्रक्रिया लवकर होऊ लागल्या. पण दोष आहे हे आधी कळलं तरच ना!

इकोचं तत्त्व सैनिकाला चटकन कळतं. लहरी सोडायच्या आणि परत येणारा प्रतिध्वनी वाचायचा. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयावर हा प्रयोग केला, तो जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसनं आणलेलं, धातूतले दोष शोधायचं यंत्र वापरून. इकोत सुई नाही, क्ष-किरण नाहीत. छिद्र, झडपा, हृदयाची ताकद आणि फुफ्फुसातल्या दाबाचा अंदाज खाटेवरच मिळतो. फार गंभीर ब्रॉन्कियोलायटिसमध्ये निरोगी हृदयाच्या उजव्या बाजूवरही ताण येतो, तोही दिसतो.

मग सरसकट का नाही? एक तर तान्ह्याचं हृदय वाचणारे तज्ज्ञ मोजके, ते मोठ्या शहरांत. दुसरं म्हणजे तान्ह्यांच्या हृदयात आपोआप बुजणारी बारीक छिद्रं सर्रास सापडतात. 'हृदयाला छिद्र' हे दोन शब्द ऐकून अख्खं घर वर्षभर झोपत नाही, तेही विनाकारण.

म्हणून खुणा पाहा. दूध ओढताना कपाळावर घाम येतो का? सर्दीच्या आधीपासूनच वजन वाढत नव्हतं का? ओठ-जीभ निळसर दिसतात का? हे आईच सांगू शकते, आणि विचारायची वाट न पाहता तिने सांगावं. डॉक्टर हृदयातला जादा आवाज, मांडीतली क्षीण नाडी, एक्स-रेवरचं मोठं हृदय पाहतील. ऑक्सिजन देऊनही सुधारणा नसेल, बाळ पुन्हा पुन्हा दाखल होत असेल किंवा त्याला डाऊन सिंड्रोम असेल, तर इकोचा विषय तुम्हीच काढा: "डॉक्टर, हृदय एकदा बघायचं का?" यात उद्धटपणा काहीच नाही.

दोष निघालाच तर पैशांपायी थांबू नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे, आणि तो देशभर लागू आहे. गावच्या आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करा. परराज्यात असाल तर डिस्चार्जचा कागद आणि इकोचा रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. पुढच्या दवाखान्यात भाषा अडली तरी तो रिपोर्ट डॉक्टरांना वाचता येतो.