मोटारसायकलचा लांबविलेला चिमटा

मोटारसायकलचे पुढचे चाक दोन समांतर नळ्यांच्या ज्या जोडणीने सांगाड्याला जोडलेले असते, तिला चिमटा किंवा फोर्क म्हणतात. चाकाचा भार पेलणे, रस्त्याचे धक्के शोषणे आणि गाडीला दिशा देणे ही तीनही कामे तो करतो. जुन्या मोटारसायकलीवर मूळ चिमट्याऐवजी अधिक लांबीचा चिमटा बसविण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, वाढली. अनावश्यक भाग छाटून टाकलेल्या अशा गाडीस ‘चॉपर’ हे नाव पडले. १९६९ च्या ईझी रायडर या चित्रपटामुळे ती जगभर माहीत झाली. त्यातील गाड्या पोलीस दलाने वापरून काढून टाकलेल्या हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलींपासून बनविल्या होत्या.

आरंभीच्या चॉपरांत उघड्या स्प्रिंगांचे चिमटे असत. नळीत नळी सरकणारा, तेलाने अवमंदन होणारा दूरदर्शकी चिमटा बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये ‘आर १२’ या गाडीवर आणला, तर हार्ली-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांवर तो १९४९ मध्ये आला. पुढे हाच प्रकार सार्वत्रिक झाला.

चिमट्याची लांबी हे स्वतंत्र माप नाही, ही गोष्ट हौशी कारागिराच्या सहसा ध्यानात येत नाही. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभ्या रेषेशी काही कोन करून मागे कललेला असतो. हा अक्ष खाली वाढविला, तर तो चाकाच्या जमिनीवरील स्पर्शबिंदूच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. या दोन बिंदूंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात. इस्पितळातील ढकलगाडीचे चाक जसे ढकलण्याच्या दिशेमागे आपोआप वळते, तसे मोटारसायकलचे पुढचे चाक ट्रेलमुळे सरळ राहू पाहते. रस्त्यावरील बहुतेक गाड्यांत ट्रेल सु. ८ ते १२ सेंमी. असतो.

समजा, एखाद्या जुन्या गाडीत अक्षाचा कल २८°, चाकाची त्रिज्या ३२ सेंमी., चाकाचा आस अक्षाच्या ६ सेंमी. पुढे आणि दोन आसांमधील अंतर १४५ सेंमी. आहे. तिचा ट्रेल सु. १० सेंमी. येतो. सांगाड्याला हात न लावता चिमटा १५ सेंमी.ने लांबविला, तर संपूर्ण गाडी मागच्या आसाभोवती सु. ५° वर उचलली जाते. कल ३३°, ट्रेल सु. १३·५ सेंमी. आणि आसांमधील अंतर सु. ७·५ सेंमी.ने अधिक होते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर अशी गाडी स्थिर वाटते, आणि तिचे आकर्षण बऱ्याच अंशी यातच आहे. परंतु कमी वेगात हँडल थोडे वळविताच गाडीचा पुढचा भाग खाली बसू पाहतो व हँडल आणखी त्याच बाजूला ओढले जाते. वरील उदाहरणात ही प्रवृत्ती दीडपट होते. गर्दीत किंवा चढावरील वळणावर तिचा त्रास विशेष जाणवतो. शिवाय एंजिनही ५° कलत असल्याने कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची व पेटीतील तेलाची पातळी बदलते आणि पुढच्या दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

हा कल टाळण्यासाठी सांगाड्याचा पुढचा भाग कापून अधिक तिरपा वितळजोडाने जोडतात. मात्र कल ४५° पर्यंत नेल्यास ट्रेल सु. २३·५ सेंमी. होतो व हँडल जड बनते. तो कमी करण्यासाठी नळ्या हँडलच्या अक्षाशी कोन करून धरणारे तिरपे योक वापरतात. हेच योक मूळच्या सांगाड्यावर केवळ देखाव्यासाठी बसविणे मात्र धोक्याचे ठरते. ७५ सेंमी. लांबीच्या चिमट्यात ५° च्या योकांमुळे आस सु. ६·५ सेंमी. पुढे सरकतो आणि वरील गाडीचा ट्रेल ३ सेंमी.पेक्षाही कमी उरतो. अशी गाडी संथ गतीत हलकी वाटते, पण वेगात हँडल जोराने थरथरू लागून तोल जाऊ शकतो.

बळकटीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ब्रेक दाबल्यावर खालच्या योकापाशी नळीवर पडणारे नमन परिबल लांबीच्या प्रमाणात वाढते, तर नळीचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६० सेंमी.ची नळी ७५ सेंमी. केली, तर त्याच आडव्या प्रेरणेने ती जवळजवळ दुप्पट वाकते. कल वाढल्याने भाराचा नळीला आडवा लागणारा घटकही वाढतो. त्यामुळे सरकणाऱ्या नळ्यांतील घर्षण वाढून चिमटा अडखळतो व धक्के थेट हातांपर्यंत येतात.

लांबी वाढविण्याच्या रीतींत जुन्या नळीला वितळजोडाने तुकडा जोडणे सर्वांत वाईट. ते कधीच करू नये. नळीच्या माथ्यावर आट्यांनी बसवावयाचे जोडतुकडेही मिळत, पण त्यांचा सांधा योकांच्या पकडीबाहेर राहिल्यास तेथेच भंग होतो. एकसंध लांब नळ्या आणि त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंगा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. दुसऱ्या गाडीचा पूर्ण चिमटा बसविताना हँडलच्या दांड्याची लांबी, कोनसेटची मापे, आसाचा व्यास आणि ब्रेकची पकड यांचा मेळ घालावा लागतो. ब्रेकची व वेगमापकाची केबलही लांब हवी. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळविले असता ती ताणली जाता कामा नये.

खडबडीत मार्गावरील शर्यतींच्या गाड्यांतही १९७० नंतरच्या दशकात लांब चिमटे आले. तेथे हेतू चाकाला वरखाली होण्यास अधिक वाव देण्याचा होता. मागचे निलंबनही त्याच प्रमाणात उंचावल्याने अक्षाचा कल फारसा बदलत नाही. गुरुत्वमध्य मात्र वर जातो.

भारतात १९५५ पासून मद्रास येथे जुळविल्या जाऊ लागलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटवर असे फेरफार बरेच झाले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला.