बास्केटबॉलचा नवा पंच : दृष्टी, जागा आणि निर्णय

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात बास्केटबॉल या खेळाची रचना केली, आणि १८९२ च्या जानेवारीत त्याचे तेरा नियम प्रसिद्ध झाले. या नियमांत दोन अधिकाऱ्यांची योजना होती व त्यांच्या कामाची वाटणी मोठी मार्मिक होती. एकाने माणसांचा न्याय करावयाचा, दुसऱ्याने चेंडूचा. पहिला खेळाडूंच्या आगळिकी टिपून ठेवी. दुसरा चेंडू हद्दीत आहे की बाहेर, तो कोणत्या संघाचा, गोल झाला की नाही हे ठरवी आणि वेळही पाही. पुढे खेळ वाढला, नियमांचे पुस्तक जाड झाले, अधिकाऱ्यांची संख्या बदलली आणि ही वाटणी मूळ स्वरूपात उरली नाही. आज प्रत्येक पंच माणसांचाही न्याय करतो आणि चेंडूचाही. परंतु नव्या पंचाच्या बहुतेक चुकांचे मूळ शोधू गेल्यास ते याच ठिकाणी सापडते. ज्या वेळी माणसांचा न्याय करावयाचा असतो, त्या वेळी तो चेंडूकडे पाहत राहतो.

हे स्वाभाविकच आहे. पंच होण्यापूर्वी तो अनेक वर्षे खेळाडू किंवा प्रेक्षक असतो, आणि त्या दोघांच्याही दृष्टीला चेंडूमागे धावण्याचीच सवय जडलेली असते. मैदानावरील दहा खेळाडूंपैकी चेंडू एकाच्या हाती असतो. उरलेले नऊ जण त्या वेळी ढकलतात, जर्सी ओढतात, वाट अडवितात आणि बास्केटखालच्या जागेसाठी कोपरे वापरतात. दोन पंचांच्या पद्धतीत याची सोय केलेली आहे. आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढे धावून अंत्यरेषेवर उभा राहणारा पंच ‘लीड’ आणि खेळाच्या मागून येणारा ‘ट्रेल’. चेंडू मैदानाच्या वरच्या भागात असताना तो ट्रेलच्या नजरेखाली असतो. लीडने त्या वेळी बास्केटजवळ झुंजणाऱ्या खेळाडूंवर लक्ष ठेवावयाचे असते. चेंडू फेकला गेला की त्याच्या उड्डाणाची आणि गोल ग्राह्य आहे की नाही याची जबाबदारी मुख्यतः ट्रेलची. नवा लीड मात्र मान वर करून चेंडू बास्केटमध्ये जातो का हे पाहू लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्यासमोर हात दोन हातांवर धक्काबुक्की होऊन जाते. दोघांनीही चेंडूच पाहिला तर त्या दोघांची मिळून दृष्टी एकाच माणसाची ठरते.

कोठे पाहावयाचे याइतकेच कोठून पाहावयाचे हेही महत्त्वाचे आहे. नव्या पंचास वाटते की जवळ जावे म्हणजे नीट दिसेल. वस्तुतः फार जवळ गेल्याने दृष्टीचा आवाका आकुंचित होतो, आणि आक्रमक व बचाव करणारा एका रेषेत आले तर तीन फुटांवरूनही एकाची पाठच तेवढी दिसते. अनुभवी पंच दोन खेळाडूंच्या मधली फट शोधतो. ती फट दिसत असेल तर स्पर्श झाला की नाही आणि तो कोणी केला हे दुरूनही सांगता येते. ती दिसत नसेल तर जो निर्णय दिला जातो तो अनुमानाचा असतो. खेळाडू हलले की फट मिटते, म्हणून पंचालाही एखादे पाऊल डावीकडे वा उजवीकडे सरकावे लागते. वेगाने धावणे पंचाला आवश्यक आहेच. परंतु धावता धावता डोळे हेलकावत असतात, तेव्हा निर्णयाच्या क्षणी क्षणभर स्थिर होणे त्याहून अधिक उपयोगी पडते.

या सर्वांची खरी परीक्षा होते ती चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावणारा खेळाडू आणि त्याच्या वाटेत उभा राहिलेला प्रतिस्पर्धी यांच्या टकरीत. चूक कोणाची? अडविणाऱ्याची की धडकणाऱ्याची? प्रेक्षक याचा निवाडा कोण जमिनीवर पडला यावरून करतात, आणि नवे पंचही पुष्कळदा तसाच करतात. नियमाचा विचार अगदी निराळा आहे. बचाव करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकले की त्याने कायदेशीर जागा घेतली. त्यानंतर त्याने पुतळ्यासारखे निश्चल राहिले पाहिजे असे नियम कोठेही म्हणत नाही. तो बाजूला सरकू शकतो, मागे सरू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, आणि आपटू नये म्हणून अंगही वळवू शकतो. अशा वेळी धडक त्याच्या छातीवर बसली तर दोष चेंडू घेऊन येणाऱ्याचा. मात्र आक्रमकाने उडी घेतल्यानंतर त्याच्या वाटेत शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही. हवेत असलेल्या खेळाडूला जमिनीवर उतरावयास जागा मिळालीच पाहिजे. हा नियम न्यायाचा तर आहेच, पण गुडघे आणि मणके वाचविण्यासाठीही तो आहे, हे पंचाने विसरू नये. येथे आणखी एक भेद आहे. ज्याच्या हाती चेंडू आहे त्याने कोणत्याही क्षणी अडविले जाण्याची अपेक्षा ठेवलीच पाहिजे, म्हणून त्याच्या बाबतीत वेळ व अंतर यांची सवलत नाही. ज्याच्या हाती चेंडू नाही, त्याला मात्र थांबण्यास वा दिशा बदलण्यास एकदोन पावलांची मुभा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखले जाते. त्याच्या आत उभ्या असलेल्या बचावपटूवर चेंडू घेऊन हवेत झेपावलेला खेळाडू आदळला, तर हातापायांचा गैरवापर झाल्याखेरीज धडक मारल्याचा दोष त्याला लागत नाही.

या विवेचनावरून ध्यानात येईल की निर्णयाची सारी सामग्री बचाव करणाऱ्याच्या हालचालीत साठविलेली असते. त्याने जागा केव्हा घेतली, त्याचे पाय कोठे होते, त्याचे अंग कोठल्या दिशेला सरकत होते, हे टकरीपूर्वी पाहिलेले नसेल तर टकरीनंतर ते पाहण्याचा मार्ग नाही. म्हणून चेंडू हाती असलेल्या खेळाडूकडे नव्हे, त्याच्यासमोरच्या खेळाडूकडे पाहावे, असा उपदेश प्रशिक्षणवर्गांत पुनःपुन्हा केला जातो. तो ऐकावयास सोपा आणि पाळावयास अत्यंत कठीण आहे.

प्रत्येक स्पर्श म्हणजे दोष नव्हे. दहा जण एवढ्याशा जागेत धावत असता स्पर्श टळणे अशक्य. अमेरिकेत अनेक दशके नियमपुस्तकाचे संपादन करणारे ऑस्वल्ड टॉवर यांच्या नावाने एक विचार ओळखला जातो. नियमांचे शब्द सुटे घेऊन चालू नये, एका खेळाडूच्या कृतीचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला ते पाहावे, हे त्याचे सार होय. आंतरराष्ट्रीय नियमांनीही हीच दृष्टी स्वीकारली आहे. स्पर्शामुळे कोणाला अन्याय्य फायदा झाला का, कोणाची चाल, तोल वा फेक बिघडली का, हा प्रश्न विचारावा. त्यासाठी खेळी पूर्ण होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. नवा पंच घाईने शिट्टी वाजवितो. त्याच वेळी चेंडू बास्केटमध्ये पडतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून शिट्टी वाजली त्याचाच गोल कधी कधी रद्द होतो. उलटपक्षी, या तत्त्वाचा आश्रय घेऊन काहीच न पाहण्याची सवयही लागते. फेकणाऱ्याच्या हातावर बसलेल्या फटक्याला ‘परिणाम झाला नाही’ असे म्हणणारा पंच बहुधा त्या वेळी दुसरीकडे पाहत असतो.

पावलांच्या नियमाबद्दल थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण जुन्या खेळाडूंचे ज्ञान येथे आडवे येते. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ साली झालेल्या बदलानुसार, धावत असताना चेंडू ताब्यात घेणाऱ्या खेळाडूचा जो पाय त्या क्षणी जमिनीवर असेल तो मोजला जात नाही. त्यानंतरची दोन पावले त्याला मिळतात. प्रेक्षक तीन मोजतात आणि ओरडतात. पंचाने मोजणी कोठून सुरू करावयाची हे निश्चित केलेले असले, म्हणजे ओरडण्याने त्याचा हात वर जात नाही. हालचाल केवळ बेढब दिसली म्हणून शिट्टी वाजविणे हा नवशिक्यांचा अगदी सार्वत्रिक दोष आहे.

शिट्टी एकदाच व मोठी वाजवावी. फाउलसाठी मूठ, अन्य नियमभंगासाठी उघडा पंजा. नंतर गुणलेखकास खेळाडूचा क्रमांक, दोषाचा प्रकार आणि पुढे काय होणार हे याच क्रमाने, न धावता दाखवावे. खुणा घरी आरशासमोर करून पाहिल्या तर पहिल्या सामन्यात हात अडखळत नाहीत.

निःपक्षपातीपणाचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही, आणि संशोधकांचे लक्ष अलीकडे त्याने वेधून घेतले आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांचा अँडरसन व पीअर्स यांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या संघावर तोपर्यंत कमी फाउल दिले गेले आहेत त्याच्यावर पुढील फाउल दिला जाण्याची शक्यता वाढते, आणि पाहुण्या संघावर अधिक फाउल दिले जातात, असे त्यात आढळून आले. कोणताही पंच हिशेब जुळविण्याचा संकल्प करून मैदानात उतरत नसेल. पण फलकावर एका बाजूस सात आणि दुसऱ्या बाजूस दोन हे आकडे दिसू लागले की मन नकळत समतोल शोधू लागते. एक संघ आक्रमकपणे बचाव करतो व दुसरा सावधपणे, तर आकडे विषम असणेच न्याय्य होय. प्राइस व वुल्फर्स यांचा २०१० चा निबंध याहून अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकी व्यावसायिक सामन्यांत पंच आणि खेळाडू यांचा वंश भिन्न असला म्हणजे खेळाडूवर किंचित अधिक फाउल पडतात, असे त्यांनी दाखविले. या निष्कर्षांची वृत्तपत्रांतून २००७ मध्ये मोठी चर्चा झाली; आणि त्यानंतरच्या वर्षांची आकडेवारी पोप यांच्यासह तपासली असता तो कल नाहीसा झालेला आढळला. आपल्या मनाचा कल माहीत होणे हाच त्यावरचा उपाय ठरला असावा, असे त्या संशोधकांचे मत आहे. आपल्याकडील जिल्हा व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पंच बहुधा त्याच गावचा, कधी एखाद्या संघाचा माजी खेळाडूही असतो. त्याने हे निबंध स्वतःविषयी लिहिलेले आहेत असे समजून वाचावेत.

पंचाचे काम शिट्टीने संपत नाही, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे म्युनिक ऑलिंपिकमधील १९७२ चा अंतिम सामना. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्स यांनी दोन्ही फ्री थ्रो साधून अमेरिकेला ५०–४९ अशी आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या फेकीच्या सुमारास गुणलेखकांच्या मेजावरून भोंगा वाजला होता. आपण विश्रांतीचा वेळ मागितला होता असे सोव्हिएत संघाचे म्हणणे होते. खेळ पुढे सुरू झाला, मेजापाशी गडबड उसळली आणि एक सेकंद उरला असता पंचांनी तो थांबविला. तीन सेकंद परत देण्याचे ठरले. परंतु घड्याळ नीट लावून होण्यापूर्वीच चेंडू खेळात देण्यात आला. भोंगा झाला, अमेरिकी खेळाडू नाचू लागले, आणि पुन्हा तीच तीन सेकंदे खेळावयास लावण्यात आली. या खेपेस इव्हान एदेश्को यांनी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेकलेला चेंडू अलेक्झांडर बेलोव्ह यांनी झेलून बास्केटमध्ये टाकला, आणि सोव्हिएत संघ ५१–५० असा विजयी झाला. आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी हस्तक्षेप करून तीन सेकंद देवविले होते. सामना चालू असता तसा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. अपील तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले आणि अमेरिकी संघाने रौप्यपदके स्वीकारली नाहीत. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला.

त्या तीन सेकंदांत कोणाचाही फाउल चुकीचा दिला गेला नव्हता. चुकले ते मेज, घड्याळ आणि पंच यांच्यातील संधान. म्हणून सामन्यापूर्वी गुणलेखक व वेळाधिकारी यांच्याशी पाच मिनिटे बोलून घेणे, भोंगा आणि घड्याळ चालवून पाहणे, आणि प्रत्येक फ्री थ्रोपूर्वी व चेंडू खेळात देण्यापूर्वी मेजाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे ही किरकोळ औपचारिकता नव्हे. मोठ्या स्पर्धांत आता चित्रफीत पाहून काही निर्णय पडताळता येतात. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर पंचाचे डोळे आणि त्या मेजावरील दोन विद्यार्थी एवढेच साधन असते.

प्रशिक्षकाने प्रश्न विचारला तर संधी मिळताच थोडक्यात उत्तर द्यावे. त्याने केवळ मत व्यक्त केले तर उत्तराची गरज नाही. त्याने अपमान केला तर नियमात टेक्निकल फाउल आहे, आणि तो रागाने नव्हे, शांतपणे द्यावयाचा असतो. प्रेक्षकांशी संवाद मुळीच करू नये. नियमांप्रमाणे सीमारेषेबाहेर दोन मीटर जागा मोकळी असावी लागते. उघड्या मैदानांवर ती पुष्कळदा नसते. मुंबईच्या नागपाड्यात, जेथून अब्बास मुंतसीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार पुढे आला, प्रेक्षक नुसता जवळ नव्हे तर जाणकारही असतो. अशा ठिकाणी सामना सुरू होण्यापूर्वीच जागा मोकळी करून घेणे श्रेयस्कर; पहिल्या वादानंतर कोणी मागे सरत नाही.

सामना संपल्यावर सहकाऱ्यासह दोनतीन शंकास्पद प्रसंग आठवून पाहावेत: तेव्हा कोठे उभे होतो, फट दिसत होती का. मैदानावर काही गैरप्रकार घडला असल्यास त्याचा अहवाल आयोजकांना द्यावा. गुणपत्रक मात्र त्याआधी तपासावयाचे असते. प्रत्येक खेळाडूचे फाउल आणि एकूण गुण पडताळून मुख्य पंच शेवटी सही करतो, आणि त्या सहीबरोबर पंचांचा त्या सामन्याशी असलेला संबंध संपुष्टात येतो.