जोहार
जोहार : मराठी, हिंदी तसेच मध्य व पूर्व भारतातील अनेक आदिवासी भाषांत रूढ असलेला अभिवादनवाचक शब्द. हिंदीत त्याचे ‘जुहार’ हे रूप व ‘जुहारना’ हे क्रियापदही आढळते. त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. राजपूत स्त्रियांच्या सामुदायिक अग्निप्रवेशास ‘जोहार’ किंवा ‘जौहर’ म्हणतात; उच्चारसाम्य असले, तरी त्याचा अर्थ सर्वस्वी भिन्न आहे.

हवाई बेटांतील ‘अलोहा’ या पॉलिनीशियन शब्दात भेट, निरोप आणि स्नेह हे अर्थ एकत्र नांदतात. जोहाराची अर्थच्छटा मात्र तो कोण कोणास करतो, यावरून ठरत आली. तुलसीदासांच्या रामचरितमानसात वनातील कोल-किरात रामापुढे भेटी ठेवून जोहार करतात; तेथे त्यात भक्ती व आतिथ्य आहे. महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत इतरांचा परस्परांशी ‘रामराम’ चाले. महाराने मात्र वरिष्ठांना दुरून जोहारच करावा, असा संकेत होता. नमस्काराच्या शब्दावरूनच माणसाची जात ओळखू यावी, अशी ही योजना होती.

संतसाहित्यात या शब्दाला निराळेच वळण मिळाले. चोखामेळा (मृ. १३३८) यांच्या नावावरील जोहाराच्या अभंगांत हे अभिवादन पाटलाऐवजी विठ्ठलाच्या दारी पोहोचते. एकनाथांनी (१५३३–९९) महाराच्या भूमिकेतून ‘जोहार’ या नावाची भारुडे रचली. त्यांत गावकीचा हिशेब देणारा हा सेवक श्रोत्यांना अध्यात्माचा हिशेब विचारतो. प्रत्यक्ष गावात मात्र संकेत बदलला नाही.

तो बदलला विसाव्या शतकात, आणि त्यात नागपूर परिसराचा वाटा मोठा आहे. नागपूरजवळच्या कामठी येथील कार्यकर्ते बाबू हरदास (१९०४–३९) यांनी ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले, असे मानले जाते. हरदास १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर ‘जय भीम’ सर्वत्र पसरले. ते समान पातळीवर उभ्या असलेल्या दोघांचे अभिवादन असल्याने जोहाराला तेथे जागा उरली नाही.

याच विदर्भात गोंड समाज ‘सेवा जोहार’ म्हणतो, व त्यात दास्याची छटा मुळीच नाही. नागपूर शहर देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, वसविलेले. त्यामुळे या शहरात दोन्ही अभिवादने कानी पडणे स्वाभाविकच आहे. छत्तीसगढात ‘जय जोहार’, तर झारखंडातील संथाळ, मुंडा इ. समाजांत नुसते ‘जोहार’ प्रचलित आहे. आदिवासी अस्मितेच्या चळवळींनी त्याला सभा व घोषणांतही स्थान दिले. २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर संथाळ समाजातील द्रौपदी मुर्मू यांनी आपल्या भाषणाचा आरंभ ‘जोहार’ या शब्दाने केला.